मुळाक्षरं हाताला शिकवताना: ग म भ न पासून पहिल्या ओळीपर्यंत

मूल 'क' काढत असताना त्याच्या शेजारी बसा आणि पेन्सिल कुठून निघते, कुठे वळते ते पाहा. वहीत उमटलेला 'क' बरा दिसत असला, तरी काही मुलं काना खालून वर ओढतात. काही आधी शिरोरेषा मारतात आणि मग तिला अक्षर टांगतात. काही डावा गोल उलट्या बाजूने फिरवतात. पहिलीत हे खपून जातं. तिसरी-चौथीत लिखाण वाढलं की हीच मुलं फळ्यावरचं उतरवताना मागे राहतात, हात दुखतो म्हणतात आणि घाईत त्यांचा 'ध' 'घ' होतो. एकदा मुरलेली सवय तेव्हा मोडायची म्हणजे मुलाला आणि मोठ्यांना दोघांनाही फार जड जातं. म्हणून अक्षर शिकवताना मी सगळा भर हाताच्या वाटेवर देते: कुठून सुरुवात, कोणत्या दिशेने, कुठे थांबायचं. ही वाट पक्की असेल तर वळणदारपणा पुढे सरावाने येतो.

खालची पद्धत साधारण साडेचार ते सात वर्षांच्या मुलांसाठी आहे. घरी आई-बाबा, आजी-आजोबा करून घेऊ शकतील अशी आहे आणि तिला पाटी, खडू, ताटलीभर रवा आणि एक दुरेघी वही एवढंच लागतं.

पेन्सिल कधी द्यायची

शाळा ज्युनिअर केजीत लिहायला लावते म्हणून मूल तयार आहे असं होत नाही. मुलं आकार एका ठरावीक क्रमाने काढू लागतात. उभी रेघ, आडवी रेघ आणि गोल साधारण तिसऱ्या वर्षाच्या आसपास जमतात. अधिकचं चिन्ह चौथ्या वर्षी, चौकोन साडेचारच्या सुमारास, तिरप्या रेघांची फुली पाचाच्या आसपास आणि त्रिकोण त्याच्याही पुढे. तिरपी रेघ उशिरा येते हे लक्षात ठेवा, कारण 'र', 'ब', 'ष' यांत ती आहे. कागदावर एक फुली काढा आणि मुलाला शेजारी तशीच काढायला सांगा. दोन्ही रेघा एकमेकींना छेदत असतील तर अक्षरांना सुरुवात करायला हरकत नाही. फुलीच्या चार वेगवेगळ्या तुटक रेघोट्या होत असतील तर अजून काही महिने चित्रं, माती आणि खेळ यांतच जाऊ द्या. त्यात काहीही बुडत नाही.

या काळात बोटांना काम हवं. त्यासाठी महागडी खेळणी आणण्याची गरज नाही, आपल्या स्वयंपाकघरात सगळं आहे. मटार सोलणं, शेंगा फोडणं, लसणाच्या पाकळ्या सोलणं, कणकेच्या गोळ्या वळणं, वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावणं, फुलांचा हार ओवणं. चिमटा दाबताना अंगठा आणि तर्जनी जे करतात तेच पेन्सिल धरताना करायचं असतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला बालवाड्या चालवल्या त्या अशाच आसपासच्या वस्तूंवर: बिया, पानं, शंख-शिंपले. आजही याहून चांगलं साहित्य मला माहीत नाही.

बैठक आणि पकड

टेबल-खुर्चीवर बसत असेल तर पाय जमिनीला टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर खाली डबा किंवा पाट ठेवा. लोंबकळते पाय असले की मूल अंग सावरण्यासाठी टेबलावर रेलतं आणि लिहिता हात अडकतो. जमिनीवर मांडी घालून बसत असेल तर पुढ्यात उंच पाट किंवा डेस्क हवं. पोटावर पालथं पडून लिहिणं रोजची सवय होऊ देऊ नका.

पकडीचं सांगायचं तर अंगठा आणि तर्जनीने पेन्सिल धरायची आणि खालून मधल्या बोटाचा आधार द्यायचा. तोंडाने सांगून ही पकड फारशी येत नाही. खडूचा किंवा पाटीवरच्या पेन्सिलीचा जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा द्या. तो मुठीत धरताच येत नाही, बोटं आपोआप चिमटीत येतात. पाटीवर असे तुकडे वापरून झाले की मग कागद आणि जरा मऊ शिशाची, शक्य तर त्रिकोणी पेन्सिल. चार बोटांनी धरणारी मुलंही असतात. हात दुखत नसेल आणि अक्षर नीट उमटत असेल तर त्या पकडीच्या मागे लागू नका. मनगट मात्र कागदावर टेकलेलं असावं आणि दुसऱ्या हाताने वही धरलेली असावी. हे दुसऱ्या हाताचं काम बरेच जण विसरतात. वही सरकत राहिली की कोणाचंही अक्षर बिघडेल.

अक्षरांचा क्रम: वर्णमाला बाजूला ठेवा

तक्त्यावर पहिला 'अ' असतो. लिहिणाऱ्या हातासाठी तो अवघड अक्षरांपैकी एक आहे: डावीकडे '३'सारखं दुहेरी वळण, मध्ये आडवी जोडरेघ, मग काना आणि वर तुटक शिरोरेषा. वर्णमालेचा क्रम उच्चाराच्या स्थानावरून लावलेला आहे: कंठ, टाळू, मूर्धा, दात, ओठ. तो म्हणायला, ऐकायला उत्तम. लिहायला शिकवताना मात्र सारख्या हालचालींची अक्षरं एकत्र घ्यावीत. आपल्याकडे लिखाणाच्या श्रीगणेशाला 'गमभन' म्हणतात ते उगाच नाही. जुन्या शिक्षकांनी ही चार अक्षरं हाताच्या सोयीने निवडली आहेत.

माझा क्रम असा असतो.

आधी ग, म, भ, न. चौघांतही डावीकडे एक छोटी गाठ आणि उजवीकडे पूर्ण काना. 'ग'मध्ये वरून रेघ खाली येते आणि तळाशी डावीकडे गाठ पडते, मग काना. 'म'मध्ये तीच गाठ घालून हात आडवा उजवीकडे कान्यापर्यंत जातो. 'न'मध्ये वरची रेघ नाही, गाठ आणि आडवी रेघ एवढंच. 'भ' शेवटी, कारण त्याच्या डोक्याशी एक जास्तीचं वळण आहे.

मग त, व, ब, क. इथे कान्याच्या मध्यापासून निघून डावीकडे, खाली आणि परत उजवीकडे अशी एकच फिरकी आहे. 'त'मध्ये ती उघडी राहते, 'व'मध्ये कान्याला येऊन मिळते, 'व'च्या पोटातून तिरपी रेघ गेली की 'ब', आणि कान्याच्या उजवीकडे आकडा आला की 'क'. मूल हे स्वतः शोधून काढतं तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो. म्हणून लगेच सांगून टाकू नका. 'व' शेजारी 'क' ठेवा आणि विचारा, "यात नवीन काय आलं?"

'व' आल्यावर र, स, ख. 'र'ला आडवी रेघ आणि काना जोडला की 'स', आणि 'र'च्या शेपटीला 'व' बेमालूम चिकटवला की 'ख'. ही जोडणी खालून पक्की झाली नाही तर 'ख' हा 'रव' वाचला जातो. 'खाणे'चं 'रवाणे' होतं. ही चूक पहिल्याच दिवशी थांबवा.

पुढे प, ष, फ, य, थ. मग ट, ठ, ढ, ड, द, ह ही छोट्या देठाला लटकणारी, पूर्ण काना नसलेली अक्षरं. 'ट'चा अर्धगोल बंद झाला की 'ठ', आत गाठ आली की 'ढ'. घ आणि ध यांच्यात मुद्दाम दोन-तीन आठवडे अंतर ठेवा. तसंच म आणि भ यांच्यातही चार-पाच दिवस जाऊ द्या. दिसायला जवळची दोन अक्षरं एकाच दिवशी शिकवली की दोन्ही गोंधळात जातात. च, ज, झ, ण, ल, श, ळ, छ आणि स्वर त्यानंतर. क्ष, ज्ञ यांची घाई अजिबात नको.

'ल' आणि 'श' यांची रूपं जपून निवडा. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' वापरण्याचा निर्णय दिला आहे. मोबाईलवरचे बरेच टंक (फॉन्ट) हिंदी वळणाचे, दंड असलेला 'ल' दाखवतात. इंटरनेटवरून उतरवलेल्या सरावपत्रिकांमध्येही तोच असतो. छापण्याआधी बघून घ्या, नाहीतर पुस्तकात एक आणि सरावात दुसरा अशी मुलाची ओढाताण होते.

एक अक्षर, पाच टप्पे

आता मुख्य काम. समजा आज 'ग' शिकवायचा आहे.

आधी तुम्ही पाटीवर मोठा, तळहाताएवढा 'ग' काढा. काढताना बोला: "वरून खाली, डावीकडे गाठ. हात उचल. वरून खाली काना. वर टोपी." हे शब्द रोज तेच ठेवा, घरातल्या सगळ्यांनी तेच वापरा. मुलाला तुमच्या शेजारी बसवा, समोर नको. समोर बसलेल्याला डावं-उजवं उलटं दिसतं.

मग मूल हवेत, अख्खा हात खांद्यापासून फिरवत तोच 'ग' काढेल आणि तुमच्याबरोबर तेच शब्द म्हणेल. त्यानंतर ताटात पसरलेल्या रव्यात किंवा रांगोळीत बोटाने. पूर्वी धूळपाटीवर मुलं धुळाक्षरं काढायची ती याच कारणाने सोपी जायची: बोटाला खरखर कळते, चुकलं की हात फिरवून पुसता येतं, कुठे डाग राहत नाही. खरखरीत पॉलिश पेपरची अक्षरं कापून पुठ्ठ्यावर चिकटवली आणि त्यावरून दोन बोटं फिरवायला दिली तरी तोच फायदा मिळतो.

तिसरा टप्पा पाटीचा. तुम्ही खडूने 'ग' काढा, मुलाने ओल्या बोटाने तो त्याच क्रमाने पुसत जायचा आणि ओल सुकायच्या आत खडूच्या तुकड्याने त्यावरूनच लिहायचा. हे बऱ्याच मुलांना इतकं आवडतं की थांबवावं लागतं.

चौथा टप्पा म्हणजे बघून लिहिणं. पाटीवर नमुना तसाच ठेवा, त्यावर सुरुवातीचा ठिपका आणि दिशेचे छोटे बाण, १, २, ३ असे आकडे द्या. मुलाने शेजारी आपला काढायचा.

आणि पाचवा, जो बहुतेक घरांत आणि शाळांत वगळला जातो: नमुना झाकून टाका. मनात तीनपर्यंत मोजू द्या आणि मग आठवून लिहू द्या. लिहून झालं की झाकण काढून मुलानेच ताडून बघायचं. अमेरिकेत व्हर्जिनिया बर्निंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये पहिलीच्या मुलांवर वेगवेगळ्या पद्धती पडताळून पाहिल्या. बाण-आकड्यांचा नमुना नीट पाहून मग आठवणीतून लिहिणाऱ्या मुलांची प्रगती सर्वांत चांगली दिसली. २०१२ मध्ये करिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला. मुलांनी स्वतःच्या हाताने मोकळी अक्षरं काढल्यावर, पुढे ती अक्षरं पाहताना मेंदूतले वाचनाशी जोडलेले भाग जागे झाले. ठिपक्यांवरून गिरवल्याने किंवा टंकन केल्याने तसं झालं नाही. ते प्रयोग रोमन अक्षरांचे होते, पण आठवून लिहिण्याचा फायदा आपल्या अक्षरांतही वर्गात रोज दिसतो.

म्हणून ठिपक्यांच्या अक्षरांची जाड पुस्तकं आणून पानंच्या पानं गिरवून घेण्याला माझा ठाम विरोध आहे. गिरवताना मूल ठिपक्यामागून ठिपका जोडतं, कुठूनही सुरू करतं, आणि अक्षर शेवटी बरोबरच दिसतं. त्यामुळे चुकीची वाट कोणाच्या लक्षातच येत नाही. गिरवणं दोन-तीन वेळा, वाट कळण्यापुरतं. त्यापुढे नाही.

"शंभर वेळा लिही" हेही तसंच. असं भरलेलं पान नीट बघा. पहिली ओळ सर्वांत चांगली असते आणि खाली जाताना अक्षर घसरत जातं, कारण मूल तुमच्या नमुन्याकडे बघत नाही, वर स्वतः काढलेल्याची नक्कल करतं. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला नवा नमुना लिहा, ओळीत चार-पाच अक्षरांपेक्षा जास्त नको, आणि शेवटी मुलालाच विचारा, "यातला तुला सर्वांत आवडलेला कोणता?" त्याला गोल करू द्या. तो का आवडला हे ते सांगू लागलं की अर्धं काम झालं. रोज दहा-पंधरा मिनिटं पुरतात. खोडरबर सुरुवातीचे काही महिने दूरच ठेवा.

शिरोरेषा

अक्षर आधी, शिरोरेषा नंतर. शब्द लिहायला लागल्यावर सगळी अक्षरं काढून झाली की शेवटी डावीकडून उजवीकडे एकच रेघ. त्यामुळे शब्द एकत्र बांधला जातो आणि दोन शब्दांमधली मोकळी जागाही कळते. ही जागा मुलाने आपलं एक बोट ठेवून मोजावी.

पण सरसकट रेघ ओढायची सवय लागली की 'भ'चा 'म' आणि 'ध'चा 'घ' होतो. या अक्षरांवर शिरोरेषा डोक्याशी तुटते. 'थ', 'अ' आणि 'श' यांचीही तीच गत. "इथे हात उचल" हे शब्द त्या अक्षराच्या बोलीचाच भाग करून टाका.

वही कोणती

पाटीवर आठ-दहा अक्षरं सहज येऊ लागली की वही. इंग्रजीसाठी चाररेघी असते, मराठीला दुरेघी घ्या, रेघांत भरपूर अंतर असलेली. अक्षर वरच्या रेघेला लटकतं आणि खालच्या रेघेला टेकतं. वेलांटी आणि मात्रा वरच्या रेघेच्या वर, उकार खालच्या रेघेच्या खाली. सुरुवातीला वरची रेघ लाल किंवा निळ्या पेनने ठळक करून द्या.

हे लटकणं इंग्रजी माध्यमातल्या आणि सेमी-इंग्रजीच्या मुलांना खास शिकवावं लागतं. रोमन अक्षर खालच्या रेघेवर उभं राहतं. ती सवय आधी लागली असेल तर मराठी अक्षरंही खालून वर रचली जातात. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांमध्ये हे फार दिसतं. दोन्ही लिप्या एकाच बैठकीत घेऊ नका. मराठी सकाळी, इंग्रजी संध्याकाळी असं केलं तरी गोंधळ बराच कमी होतो.

काना, वेलांटी आणि पहिले शब्द

सगळी मुळाक्षरं संपेपर्यंत शब्दांसाठी थांबू नका. ग, म, भ, न झाले की लगेच 'मन', 'नभ', 'नमन', 'गमन', 'गगन' लिहिता येतात. 'र' आला की 'नगर', 'मगर', 'गरम'. काना तर मुलाला पहिल्या दिवसापासून येतोच, म्हणून 'मामा', 'नाना', 'भात', 'तारा', 'रात', 'नाग' हे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सहज होतं. मामाला लिहिलेली पहिली चिठ्ठी याच काळातली असू द्या.

कान्यानंतर दुसरी वेलांटी, पहिली नंतर. बाराखडीत क्रम उलटा आहे, तरीही. दुसरी वेलांटी अक्षराच्या मागून येते, जशी उच्चारात येते. पहिली वेलांटी लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर, हे पाच वर्षांच्या मुलाला खरोखर अवघड आहे. शिवाय मराठी शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार सहसा दीर्घच असतो. 'मी', 'तू', 'नदी', 'पाणी', 'काकू' हे मुलाचे रोजचे शब्द दुसऱ्या वेलांटीने आणि दुसऱ्या उकारानेच लिहिले जातात. पहिली वेलांटी शिकवताना आधी तिचा काना, मग अक्षर, मग शिरोरेषा आणि शेवटी वरची कमान असा क्रम ठेवा. 'रु' आणि 'रू' वेगळे, स्वतंत्र शिकवा.

मुलाला स्वतःचं नाव लिहायचं असतंच. 'आर्या', 'स्वरा', 'आदित्य' अशा नावांत जोडाक्षरं असतात, तरी अडवू नका. पुठ्ठ्यावर नाव लिहून भिंतीला लावा आणि जसं जमेल तसं काढू द्या.

उलटी अक्षरं, डावखुरी मुलं

सहा-सात वर्षांपर्यंत आकडे किंवा अक्षरं अधूनमधून उलटी येणं नेहमीचं आहे. '३' आणि '६' हे तर हमखास. इथे ३६चा आकडा कामाला येतो: दोघं एकमेकांकडे पाठ करून बसलेत, हे शेजारी-शेजारी लिहून दाखवा. पुन्हा गल्लत होणं बरंच कमी होतं.

मूल डावखुरं असेल तर हात बदलायला लावू नका. वहीचा वरचा भाग उजवीकडे झुकवा (उजव्या हाताने लिहिणाऱ्यांचा डावीकडे), उजेड उजव्या बाजूने येऊ द्या, पेन्सिल टोकापासून जरा वर धरायला सांगा म्हणजे लिहिलेलं दिसतं. नमुना ओळीच्या उजव्या टोकाला लिहा, कारण डावीकडचा त्यांच्या हाताखाली झाकला जातो. शिरोरेषा काही डावखुरी मुलं उजवीकडून डावीकडे ओढतात. ओढू द्या. शाळेत त्यांना बाकाच्या डाव्या टोकाला बसवायला शिक्षकांना सांगा, नाहीतर दोघांची कोपरं दिवसभर एकमेकांना लागतात.

मदत कधी घ्यावी

दुसरी संपत आली, घरी शांतपणे सराव झाला, आणि तरीही अक्षरं आठवत नाहीत, दोन ओळींत हात दुखतो, तोंडी सगळं येतं पण लिहायला बसलं की रडू येतं, असं असेल तर आळशी म्हणून रागावू नका. आधी डोळे तपासून घ्या. मग बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे हाताच्या हालचाली आणि रोजची कामं जमवायला मदत करणाऱ्या तज्ज्ञाला, दाखवा. लेखनातली अडचण हा अध्ययन अक्षमतेचा (वाचणं, लिहिणं, गणित शिकताना येणाऱ्या खास अडचणींचा) भाग असू शकतो, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयांत तिची तपासणी होते. प्रमाणपत्र मिळालं की परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. तपासणीला जाताना गेल्या वर्षभरातल्या दोन-तीन वह्या बरोबर ठेवा. त्यात शाळेची एक, घरची एक आणि मुलाने स्वतःच्या मनाने काहीतरी लिहिलेलं एखादं पान असावं.